गव्हाचे आठ आठवडे

भीमराव खंडागळे लग्नात पिऊन आले होते, ही बातमी विश्रांतवाडीतल्या त्यांच्या गल्लीत खुद्द भीमरावांच्या आधी पोचली. लग्न खडकीत होतं. भीमराव बसची वाट बघत थांबले आणि बातमी मोबाइलवरून पुढे निघून गेली. त्यांची बायको शैला भाजीच्या गाडीशी दोडके निवडत होती. तिला बघून शेजारच्या सोजरबाईंनी एकदम आवाज खाली आणला, तेव्हाच तिला कळलं की विषय आपल्याच घरचा आहे.

"मोठ्याने बोला की," शैला म्हणाली. "दोडक्यांनाही ऐकू दे."

सोजरबाईंनी सांगितलं. लग्न लावायला भीमराव उभे राहिले, तर त्यांना धड उभंच राहता येईना. मेणबत्ती लावताना हात हलला, मेणबत्ती आडवी झाली आणि नवरीच्या पांढऱ्या साडीला चटका बसला. त्रिसरण म्हणताना जीभ जड झाली. शेवटी कुणीतरी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि उरलेलं लग्न दुसऱ्याने लावलं.

शैलाने दोडके गाडीवरच ठेवले आणि ती घरी आली. तिला भयंकर राग आला होता, पण तो नेमका कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

भीमराव साठीचे. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेले. नोकरी सांभाळून वीस वर्षं ते बौद्धाचार्य म्हणून लग्नं लावत होते, बारशी करत होते, माणूस गेला की त्याच्या घरी वंदना घेत होते. दर रविवारी गल्लीच्या टोकाच्या मैत्री विहारात तेच पंचशील देत. ते एकेक शील म्हणायचे आणि जमलेले लोक त्यांच्या मागून म्हणायचे. पाचवं शील दारूपासून आणि सगळ्या नशेपासून दूर राहण्याचं. भीमराव ते इतकं मनावर घेत की खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय घेत नसत. अशा माणसाबद्दल लोक हे बोलायला लागले होते, आणि एका लग्नावरून नाही, वर्षभर बोलत होते. कारण वर्षभर भीमरावांची चाल बिघडली होती. पाय फाकवून, भिंतीचा अंदाज घेत ते चालायचे. दुपारी जीभ जड व्हायची. जवळच्या डॉक्टरांनी चक्कर थांबवायच्या गोळ्या दिल्या, ताकदीचं टॉनिक दिलं. टॉनिकने फक्त भूक वाढली.

दोन दिवसांनी विहार समितीचे अध्यक्ष कचरूमामा घरी आले. सत्तरी ओलांडलेले, शांत गृहस्थ. "जय भीम" झालं आणि मामा समोरची खुर्ची सोडून भीमरावांना खेटून पलंगावर बसले. शैलाच्या ते लगेच लक्षात आलं.

"मामा, आणखी सरकून बसा," ती म्हणाली. "चहा होईपर्यंत वास नीट घेऊन होईल."

मामा ओशाळले. "बाई, मी काही म्हणत नाही. लोक म्हणतात. आता वर्षावास सुरू होतोय, पावसाळ्याचे तीन महिने विहारात रोज ग्रंथवाचन आहे. तोवर भीमरावांनी जरा आराम करावा, एवढंच."

"बरं," भीमराव म्हणाले. एवढंच म्हणाले. त्या रविवारी पंचशील दुसऱ्या कुणीतरी दिलं. भीमराव विहारात गेले नाहीत, घरी खिडकीशी बसून ऐकत राहिले.

त्यांची मुलगी शर्मिला हिंजवडीच्या एका कंपनीत होती. तिचं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं. शैलाला हे काम फार पटलेलं होतं, कारण पोरीला लहानपणापासून तेच येत होतं. ऑगस्टमध्ये एके दिवशी शर्मिला चौदा कागदांचा गठ्ठा घेऊन घरी आली. इंटरनेटवर तिला एका अमेरिकन बाईने आपल्या वडिलांबद्दल लिहिलेलं सापडलं होतं. तशीच चाल, तशीच जीभ, लोकांचा तसाच समज.

"गव्हामुळे होतं, मम्मी. गव्हात ग्लुटेन म्हणून असतं. काही लोकांचं शरीर त्याच्याशी भांडायला उठतं आणि त्या भांडणात मेंदूच्या मागच्या भागाला मार बसतो. तोल तिथूनच सांभाळला जातो."

"गव्हाने कुणी झिंगतं का?" शैला म्हणाली.

"झिंगत नाहीत. तसं दिसतं."

पेठेतल्या एका मोठ्या न्यूरॉलॉजिस्ट बाईंची वेळ घेतली. ती मिळाली नोव्हेंबरातली. शर्मिला म्हणाली, तोवर थांबू. पण हातावर हात ठेवून थांबणं शैलाला आयुष्यात कधी जमलेलं नव्हतं. गव्हाचा संशय आहे ना, मग गहू बंद. दुसऱ्याच दिवशी तिने गव्हाचा डबा रिकामा करून सोजरबाईंकडे पोचता केला. ज्वारी आणली, बाजरी आणली, गिरणीत आधीच्या गव्हाचं पीठ राहू नये म्हणून गिरणीवाल्याला दोन मूठ ज्वारी वाया घालवायला लावली आणि मगच आपलं दळून घेतलं. बिस्किटं, पाव, रव्याचा उपमा, शेवया, सगळं हद्दपार झालं. गल्लीतले मधुमेहवाले साखर तपासायची असली की आठ दिवस आधीपासून चहा बिनसाखरेचा पितात. रिपोर्ट चांगला आला की पेढ्याने तोंड गोड करतात. तपासणीला असं तयारी करून जायचं असतं, हे शैलाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांपुढे जायचं तर पथ्य पाळून, नीटनेटकं होऊन जावं.

भीमरावांनी तक्रार केली नाही. लहानपणी रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला माणूस. मऊ चपाती रोजच्या ताटात आली ती कारखान्यातली नोकरी पक्की झाल्यावर, आणि शैलाच्या चपात्यांचं त्यांना कौतुक होतं. पण भाकरीही त्यांनी गुमान खाल्ली. आणि काय सांगावं, दिवाळीपर्यंत फरक पडला. फार नाही. पण भिंतीला हात न लावता ते दारापर्यंत जायला लागले. शैलाने कुणाला बोलून दाखवलं नाही, मनातल्या मनात मात्र ती स्वतःवर खूश होती.

डॉ. वासंती गद्रे बोलायला तुटक होत्या. त्यांनी भीमरावांना एका सरळ रेषेत चालायला लावलं, बोट नाकाला लावायला लावलं, डोळ्यांसमोर पेन फिरवलं. मेंदूचा फोटो काढून आणायला सांगितला, रक्त मुंबईला पाठवलं. पंधरा दिवसांनी सगळे पुन्हा त्यांच्यासमोर बसले.

"फोटोत मेंदूचा मागचा भाग थोडा आक्रसलेला दिसतोय," बाई म्हणाल्या. "रक्त मात्र स्वच्छ आहे. गव्हाचा काही संबंध दिसत नाही."

शैलाला आनंद झाला. रिपोर्ट चांगला आला होता.

"दारू?" बाईंनी विचारलं.

"नाही," भीमराव म्हणाले.

"पूर्वी कधी?"

"नाही."

"सगळे नाहीच म्हणतात. दारूनेही मेंदूचं असंच नुकसान होतं, म्हणून विचारतेय."

भीमरावांनी मान खाली घातली. ती खाली गेलेली मान बघून शैलाचा तोल सुटला. "अहो डॉक्टर, रिपोर्ट चांगला आलाय तो आम्ही पथ्य पाळलं म्हणून! तीन महिने गव्हाचा कण नाही दिला मी यांना. भिंतीला हात न लावता चालायला लागलेत. आणि तुम्ही दारू काय काढताय?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तीन महिने? तपासणीच्या आधी?"

"मग? नंतर पाळून काय उपयोग?"

शर्मिलाने दोन्ही हात डोक्याला लावले. "मम्मी! तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू घरी जेवतेस कधी, सांगायला?"

हे खरं होतं. शर्मिला सकाळी सातला कंपनीच्या बसने जायची आणि रात्री कँटीनमध्ये जेवून यायची. घरात भाकरी होते की चपाती, हे तिला ठाऊकच नव्हतं.

बाई आता पहिल्यांदाच सावकाश बोलल्या. "आम्ही रक्तात गहू शोधत नाही. गव्हाशी लढायला शरीराने जी फौज उभी केलेली असते, ती शोधतो. तुम्ही तीन महिने गहू दिला नाहीत, तर फौज घरी गेली. आता आम्हाला मोकळं मैदान दिसतंय. लढाई झाली होती की नाही, ते कुणी सांगावं?"

"म्हणजे मी घोळ घातला," शैला म्हणाली.

"घातलात. पण त्यांना बरं वाटतंय म्हणता, म्हणजे संशयाला जागा आहे. आता दोन रस्ते. एक, पथ्य असंच चालू ठेवा. आजाराला नाव मिळणार नाही, पण माणूस सांभाळला जाईल. दुसरा, आठ आठवडे रोज चार चपात्या खा आणि पुन्हा रक्त द्या. खरोखर गहूच असेल तर त्यात तोल आणखी जाईल, आणि गेलेला सगळा परत येईल असं मी लिहून देणार नाही. मला विचाराल तर पहिला."

"पहिलाच," शैला म्हणाली.

"चपात्या," भीमराव म्हणाले.

घरी आल्यावर भांडण झालं. शैला एकटीच भांडत होती. लोकांची तोंडं बंद करायला पाय घालवून बसणार आहात का, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. भीमरावांनी तिचं होऊ दिलं. मग त्यांनी तिला समोर बसायला सांगितलं.

"माझा बाप असाच चालायचा," ते म्हणाले.

बत्तीस वर्षांच्या संसारात शैलाने सासऱ्याबद्दल दोनदा ऐकलं असेल. घरात सासूचा फोटो होता, सासऱ्याचा नव्हता. ते दारू पिऊन गेले, एवढंच तिला माहीत होतं.

हा बाप, रंभाजी, खडकी कॅम्पातल्या एका बेकरीत भट्टीवर होता. दिवसभर पावाजवळ आणि जेवायलाही पावच. चाळिशीला आला आणि पाय लटपटायला लागले. छप्पन्न साली त्याने दीक्षा घेतलेली, पाचही शीलं घेतलेली, आणि आता रस्त्याने जाताना लोक हसायचे, की बघा, पाचवं शील कसं झुलत चाललंय.

"तो मला म्हणायचा, भीमा, मी थेंबाला शिवलेलो नाही. मी सतरा वर्षांचा. मी म्हणालो, दारू पिऊन पाचवं मोडलंत, आता खोटं बोलून चौथंही मोडू नका. त्यानंतर दोन वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. एक दिवस पुलाजवळ पडला, डोक्याला लागलं, गेला. घरी आणला तेव्हा मी वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला, शैला."

"आला?"

"नाही आला. तरीसुद्धा मी विश्वास ठेवला नाही."

कचरूमामा पलंगावर खेटून बसले होते, तेव्हा हे का गप्प राहिले, ते तिला आता कळलं.

"तुमच्या रक्तावरून त्यांचं काय कळणार?" तिने हळूच विचारलं.

"थोडं तरी कळेल. काहीच न कळण्यापेक्षा बरं."

दुसऱ्या दिवशी शैलाने पाच किलो गहू दळून आणले. सोजरबाई म्हणाल्या, "बरे झाले वाटतं भीमराव!" शैला नुसतीच हो म्हणाली.

सकाळी दोन, रात्री दोन. शर्मिलाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करायला सुरुवात केली. "चूक आहे हे दाखवायचं, तर ती पुन्हा घडवून दाखवावी लागते, मम्मी. आमच्याकडे असंच असतं," ती म्हणाली. तिला आईला धीर द्यायचा होता. शैला म्हणाली, "तुमच्याकडे कॉम्प्युटर पडतो. इथे माणूस पडतो."

तिसऱ्या आठवड्यात हात पुन्हा भिंतीवर गेला. चौथ्या आठवड्यात कपातला चहा बशीत सांडायला लागला. शैला चपाती लाटायची, भाजायची, ताटात वाढायची आणि उठून ओट्याशी जायची. तिच्या चपात्यांना गल्लीत नाव होतं. आता तिला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पाचव्या आठवड्यात भीमराव मोरीत पडले आणि कपाळाला खोक पडली. तेव्हा शैलाने लाटणं धुऊन माळ्यावर टाकलं.

"बस झालं. माझ्या हाताने मी हे करणार नाही."

भीमराव वाद घालत बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली असताना ते काठी घेऊन आळंदी रस्त्यावरच्या बेकरीत पाव आणायला गेले. शैला शोधत गेली तेव्हा ते दुकानासमोर रस्त्यावर बसलेले होते. पावाची लादी चिखलात पडली होती. माणसं बघत उभी होती आणि मोटरसायकलवरचा एक जण हसून म्हणाला, "काका, सकाळी सकाळीच?"

"पाव आणायला आलेत ते!" शैला ओरडली. "दिसत नाही तुला? पाव!"

रिक्षात बसल्यावर भीमराव म्हणाले, "तीन आठवडे राहिलेत. इतकं केलेलं वाया जाईल." त्यांचे शब्द एकमेकांत घुसत होते. शैला घरी आली, स्टुलावर चढली, माळ्यावरून लाटणं काढलं आणि कणीक मळायला बसली. मळता मळता ती रडली, आणि रडताना कणकेत मीठ घालायचं विसरली. भीमरावांनी त्या अळणी चपात्याही पूर्ण खाल्ल्या.

फेब्रुवारीत रक्त गेलं, पोटात नळी घालून आतड्याचा तुकडाही तपासला. या वेळी डॉ. गद्रे रिपोर्ट वाचून लगेच म्हणाल्या, "गहूच. शंका नाही. दारूचा काही संबंध नाही, हे मी लिहून देते." त्यांनी लिहिलं, सही केली, शिक्का मारला. "आजपासून गहू कायमचा बंद."

भीमरावांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि वडिलांबद्दल विचारलं. बेकरी, चाळिशी, चाल, सगळं सांगितलं. बाईंनी ते न थांबवता ऐकलं.

"हा आजार घराण्यात असू शकतो," त्या म्हणाल्या. "तुमच्या वडिलांना तोच होता, असं मी म्हणू शकत नाही. त्यांना तपासल्याशिवाय कुणीच म्हणू शकणार नाही."

"पण असू शकेल?"

"असू शकेल." मग त्या शैलाकडे वळल्या. "मुलीलाही तपासून घ्या. आणि या वेळी आधी पथ्य नको."

शैलाने त्या कागदाच्या बारा झेरॉक्स काढल्या. एक सोजरबाईंना दिली, एक भाजीवाल्याला दिली, त्याचा काही संबंध नव्हता तरी दिली. एक कचरूमामांकडे पाठवली. मामा संध्याकाळी आले. या वेळी ते समोरच्या खुर्चीवर बसले.

"मी त्या दिवशी वास घ्यायलाच आलो होतो," ते म्हणाले. "चुकलं माझं."

"मीसुद्धा घेतला होता एकाचा," भीमराव म्हणाले. मामांना ते काही कळलं नाही.

"वैशाख पौर्णिमेला पंचशील तुम्ही द्या. दर रविवारीही द्या."

मे उजाडेपर्यंत भाकरीने जेवढं परत द्यायचं तेवढं दिलं. भिंत सुटली, काठी सुटली नाही. लांब शब्दांवर जीभ अजून अडायची. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं होतं, काही गेलं ते गेलंच. त्या आठ आठवड्यांत किती गेलं याचा हिशेब शैलाने स्वतःला करू दिला नाही.

पौर्णिमेला विहार भरून बाहेर मांडव घालावा लागला. भीमराव पांढऱ्या कपड्यांत, काठी शर्मिलाच्या हाती देऊन, टेबलाला टेकून उभे राहिले. शैला बायकांमध्ये दुसऱ्या रांगेत होती. पहिली चार शीलं सावकाश पण नीट गेली. पाचव्याच्या पहिल्याच शब्दाला जीभ अडली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडली. दारूचं शील, आणि त्याच शब्दावर जीभ लटपटत होती. कुणी हसलं नाही, कुणी कुजबुजलंही नाही. कचरूमामा डोळे मिटून वाट बघत होते. तिसऱ्या वेळी शब्द सुटला आणि शील पूर्ण झालं. सगळ्यांनी ते त्यांच्याच संथ लयीत मागून म्हटलं.

पंचशील संपलं होतं. लोक हात सोडायला लागले. पण भीमरावांनी हात जोडलेलेच ठेवले आणि पाचवं शील पहिल्यापासून पुन्हा एकदा म्हटलं. या वेळी ते कुठेही अडलं नाही. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आजाराने मोजणी चुकली असेल, असं कचरूमामांना वाटलं असावं, पण त्यांनी गुपचूप पुन्हा हात जोडले, आणि मग सगळ्यांनीच जोडले. हे दुसऱ्यांदा म्हटलेलं शील कुणाच्या वतीने होतं, ते त्या गर्दीत एकट्या शैलाला माहीत होतं, आणि तिने ते सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हटलं.